फर्स्ट पर्सन शूटर गेम्स: नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये पीसी असेंबल करून देते, अकरा वर्षं झाली. गेमिंगचा पीसी घ्यायला आलेली पोरं, त्यांच्या शेजारी बसून "यावर अभ्यासही होईल ना?" असं विचारणारे वडील, रात्री अकराला व्हॉट्सॲपवर एररचा फोटो पाठवणारं जुनं गिऱ्हाईक, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. मी स्वतः हे गेम वीस वर्षांपासून खेळते, त्यामुळे खाली जी आवडनिवड दिसेल ती माझी आहे.

फर्स्ट पर्सन शूटर म्हणजे नेमकं काय? बीजीएमआय त्यात येतो का?

ज्या गेममध्ये आपला माणूस आपल्याला दिसत नाही, फक्त त्याचे हात आणि हातातली बंदूक दिसते, तो फर्स्ट पर्सन. पडदा म्हणजे आपलेच डोळे. बीजीएमआयमध्ये (फोनवरचा बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आपला खेळाडू पाठीमागून दिसतो, म्हणून तो मुळात थर्ड पर्सन. त्यात फर्स्ट पर्सनची सोय आहे, पण माझ्या ओळखीतली बहुतेक पोरं ती वापरत नाहीत.

हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. थर्ड पर्सनमध्ये भिंतीआड उभं राहून पलीकडचं दिसतं. फर्स्ट पर्सनमध्ये जे बघायचं त्यासाठी डोकं बाहेर काढावं लागतं. तोंड जिकडे, तेवढंच दिसतं. बाकी सगळं कानांनी ओळखायचं. या प्रकारातला चांगला गेम आणि सुमार गेम यांतला फरक मी याच कसोटीवर करते: कान देऊन खेळणाऱ्याला तो गेम काही देतो का?

१९९२ चा वुल्फेन्स्टाइन थ्रीडी आणि १९९३ चा डूम यांनी ही वाट पाडली. आपल्याकडे मात्र बहुतेकांची सुरुवात प्रोजेक्ट आयजीआय आणि काउंटर-स्ट्राइक १.६ पासून झाली. मी सिडकोतून सायकल मारत कॉलेज रोडला जायचे, एका कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळायला. तिथे पाच-सहा हेडफोन असायचे आणि त्यांतल्या निम्म्यांचा एकच कान चालायचा. दोन्ही कान चालणारं मशीन मिळावं म्हणून आम्ही शटर उघडायच्या आधी जाऊन उभे राहायचो.

मग सध्या सगळ्यात चांगला कोणता? एकच नाव सांगा.

काउंटर-स्ट्राइक २. व्हॉल्वने तो २७ सप्टेंबर २०२३ ला आणला, जुन्या ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या जागी, आणि तो फुकट आहे.

कारण सांगते. यात पळता पळता गोळी झाडली तर ती भलतीकडेच जाते. आधी थांबायचं, मग झाडायची. थांबायचं ते कुठे, हे नकाशा ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. आणि समोरचा कुठून येतोय, हे त्याच्या पावलांवरून कळतं. लाकडावर, पत्र्यावर, मातीवर पावलं वेगळी वाजतात. शिफ्ट दाबून चाललं तर आवाज येत नाही, पण मग वेळ जातो. वेळ की गुपित, हा हिशेब प्रत्येक राउंडला नव्याने मांडावा लागतो. त्यावर पैशांचं गणित. हरलात तर पुढच्या राउंडला बंदूक विकत घ्यायची की पैसे साठवायचे, हे पाच जणांनी मिळून ठरवायचं. आधी १३ राउंड जिंकेल तो संघ जिंकला.

नव्या आवृत्तीतला धूर मला फार आवडतो. पूर्वी स्मोक ग्रेनेड म्हणजे एक राखाडी गोळा असायचा. आता तो धूर जागेत भरतो, जिन्यावरून खाली उतरतो, दारातून पलीकडे जातो. त्यात गोळी मारली की बारीक भोक पडतं, आणि एचई (स्फोटक) ग्रेनेड टाकला तर क्षणभर सगळा फाटून पुन्हा मिटतो. त्या क्षणभरात पलीकडचा माणूस दिसतो, आणि त्यालाही आपण दिसतो.

पहिले पन्नास तास मात्र मार खावा लागतो. तो खायची तयारी नसेल तर पुढचं उत्तर वाचा.

व्हॅलोरंट सोपा आहे का? सगळे तोच का खेळतात?

सोपा नाही, पण दार उघडून आत घेतो. रायट गेम्सने जून २०२० मध्ये आणला, तोही फुकट. पाठीचा कणा काउंटर-स्ट्राइकचाच: पाच विरुद्ध पाच, १३ राउंड, थांबून झाडायचं. वर प्रत्येक एजंटची, म्हणजे आपण निवडतो त्या पात्राची, खास ताकद. नेम कच्चा असलेला माणूसही भिंत उभी करून, धूर टाकून, जखमी साथीदाराला बरं करून संघाच्या कामी येतो. शिवाय जुन्या पीसीवर चालतो. आपल्याकडे तो घरोघरी पोचला त्याचं मोठं कारण हेच.

यात हार्बर नावाचा भारतीय एजंट आहे, २०२२ मध्ये आला. त्याची ताकद पाण्याची. आणि जानेवारी २०२३ मध्ये आलेला लोटस हा नकाशा पश्चिम घाटात घडतो. आपल्या त्र्यंबकच्या डोंगरांची आठवण यावी असा हिरवा काळोख आणि जुनं दगडी बांधकाम. त्यात गोल फिरणारी दगडी दारं आहेत. दार फिरवलं की जात्यासारखी घरघर होते आणि ती लांबपर्यंत ऐकू जाते. नवखी पोरं ते दार सारखं फिरवतात. मुरलेली पोरं मुद्दाम फिरवतात आणि दुसरीकडून येतात. माझ्या मते व्हॅलोरंटमधला हा सगळ्यात बुद्धीने रचलेला नकाशा.

मला ऑनलाइन भांडायचं नाही. एकट्याने खेळायला, गोष्ट असलेला गेम सांगा.

डूम: द डार्क एजेस, मे २०२५. आधीच्या डूम इटर्नलमध्ये, म्हणजे २०२० च्या, सारखं उड्या मारत राहावं लागायचं. यात उलट आहे: हातात ढाल, पाय रोवून उभं राहायचं. शत्रूने फेकलेल्यातलं जे हिरवं येतं ते ढालीने परतवायचं, बाकीचं चुकवायचं. सरळ बॅट धरून थांबणाऱ्या फलंदाजाला हा पटकन जमेल. सेटिंगमध्ये गेमचा वेगही कमीजास्त करता येतो, ज्यांचे हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत त्यांच्यासाठी ही मोठी सोय. एक अडचण आधीच सांगते: याला रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायची सोय) असलेलं ग्राफिक कार्ड लागतंच. जीटीएक्स १६५० किंवा १६६० वर तो चालत नाही. घेण्याआधी विचारा, घेतल्यावर नको.

धीराने खेळणाऱ्यांसाठी स्टॉकर २, नोव्हेंबर २०२४. चेर्नोबिलच्या परिसरातली गोष्ट. करणारा स्टुडिओ युक्रेनचा, आणि युद्ध सुरू झाल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांना देश सोडून प्रागहून काम करावं लागलं. आला तेव्हा त्यात बग भरपूर होते, पुढच्या अपडेटनी पुष्कळ सुधारला. गवतात वारा सुटतो, लांबून कुत्री भुंकतात, आणि तुमच्याकडे सहा गोळ्या उरलेल्या असतात. रात्री दिवे बंद करून खेळा.

आणि "नवाच हवा" असा हट्ट नसेल तर टायटनफॉल २. आहे २०१६ चा, पण सेलमध्ये काही शे रुपयांत मिळतो. त्यात एका पडक्या प्रयोगशाळेत एक बटण दाबलं की तुम्ही भूतकाळात जाता आणि पुन्हा दाबलं की वर्तमानात येता. समोरची भिंत तेव्हा नव्हती, आता आहे. असं धावता धावता करायचं. त्या एका टप्प्यासाठीही पैसे वसूल.

व्हीआर हेडसेट असेल तर हाफ-लाइफ: ॲलिक्स. नसेल तर फक्त त्याच्यासाठी हेडसेट घेऊ नका.

बॅटलफील्ड ६ घेऊ की कॉल ऑफ ड्यूटी?

बॅटलफील्ड ६. तो १० ऑक्टोबर २०२५ ला आला आणि आधीच्या बॅटलफील्ड २०४२ ने जे बिघडवलं होतं ते बरंचसं दुरुस्त केलं. असॉल्ट, इंजिनिअर, सपोर्ट, रेकॉन हे चार वर्ग पुन्हा नीट आले. इमारती पडतात, आणि पडलेल्या इमारतीमुळे लढाईची जागाच बदलते. जखमी साथीदाराला ओढत आडोशाला नेऊन उठवता येतं. हे छोटं वाटतं, पण अनोळखी माणसाने तुम्हाला गोळीबारातून ओढून नेलं की त्या मॅचमध्ये तुम्ही त्याच्यासाठी वेगळं खेळता.

माझ्याकडे देवळालीचे एक निवृत्त सुभेदार येतात, तोफखान्यातले. त्यांना मी हा गेम लावून दिला. त्यांनी पहिला तास कोणावर गोळी झाडली नाही. टेकडीवर पडून नुसतं अंतर मोजत होते, कारण यात लांबची गोळी खाली पडते, नेम वर धरावा लागतो. कोणती बंदूक किती अंतराला किती खाली येते याचा त्यांनी वहीत तक्ता केला. आता त्यांचा नातू तो तक्ता बघून खेळतो.

कॉल ऑफ ड्यूटी वाईट नाही. २०२४ चा ब्लॅक ऑप्स ६ मला आवडला: कोणत्याही दिशेला धावत घसरता येतं, आणि १९९१ च्या आखाती युद्धाच्या काळातली मोहीम, म्हणजे एकट्याने खेळायची गोष्ट, सुरेख रचली आहे. गेम पास (मायक्रोसॉफ्टची गेमची वर्गणी) असेल तर तो खेळाच. ब्लॅक ऑप्स ७ ची मोहीम मात्र इंटरनेटशिवाय चालतच नाही. एकट्याने गोष्ट खेळायलाही नेट लागतं, हे मला पटलेलं नाही.

"सिक्युअर बूट" चालू करा असं येतंय. काय करू?

हा हल्लीचा सगळ्यात जास्त येणारा फोन. सिक्युअर बूट म्हणजे पीसी सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय. बॅटलफील्ड ६ ला तो लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला तो आणि टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची आणखी एक सोय) दोन्ही लागतात. चीटिंग रोखण्यासाठी हे केलेलं आहे, व्हायरस नाही.

बायोसमध्ये (विंडोजच्याही आधीच्या, पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन थेट चालू करू नका, आधी एक गोष्ट तपासा. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि तुमची डिस्क जीपीटी आहे की एमबीआर (डिस्कच्या मांडणीची नवी आणि जुनी पद्धत) ते पाहा. जुन्या असेंबल्ड पीसीत बहुधा एमबीआर असते. तशी असताना बायोसमध्ये लेगसी (जुन्या पद्धतीने सुरू होणं) बंद केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही, आणि मग पोरं घाबरून फॉरमॅट मारतात. डिस्क जीपीटीत बदलायचं साधन विंडोजमध्येच आहे, एमबीआरटूजीपीटी नावाचं, त्याने डेटा जात नाही. तरी आधी बॅकअप घ्या. बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो असलेली डिस्क माझ्यासमोर गेलेली आहे.

माझ्या पीसीवर चालेल का? किती पैसे घालू?

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकच खेळायचे असतील तर सुरुवातीला ग्राफिक कार्ड नसलं तरी भागतं. रायझन ५६००जी सारखा प्रोसेसर घ्या आणि रॅम ८ जीबीच्या दोन काड्या लावा. १६ ची एकच काडी लावू नका. प्रोसेसरमधलं ग्राफिक रॅमवरच जगतं, दोन काड्यांनी त्याला दोन वाटा मिळतात, आणि फरक डोळ्यांना दिसतो.

बॅटलफील्ड ६ ला आरटीएक्स २०६० आणि १६ जीबी रॅम ही खालची पायरी. डूमला ८ जीबी मेमरीचं कार्ड, म्हणजे २०६० सुपरच्या आसपास, आणि १०० जीबी मोकळी एसएसडी.

पैसे कमी पडत असतील तर लायटिंग कापा, काचेचं कॅबिनेट कापा, पण एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) आणि हेडफोन कापू नका. हलक्या प्रतीचा एसएमपीएस जळताना एकटा जळत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये, ऊन चाळिशीला टेकतं तेव्हा, कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका. अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडच्या घरांमधून आलेल्या पीसीत मला धुळीचा थर जास्त सापडतो. तिकडच्यांनी दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारावा.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, काहीच फरक दिसत नाही.

दहातल्या पाच जणांनी केबल ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असते. ती खाली कार्डाला लावा. उरलेल्यांनी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० तसंच ठेवलेलं असतं, तिथे १४४ निवडा.

नाशिकमध्ये पिंग किती येतो?

पिंग म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत; जितका कमी तितका चांगला. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक दोघांचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे आपण नशीबवान. माझ्या इंदिरानगरच्या घरी फायबरवर केबल लावून १२ ते २० येतो. तोच वायफायवर ३० होतो आणि मध्येच ९० वर उडी मारतो. ही उडीच मारते. स्थिर ४० हा उड्या मारणाऱ्या २० पेक्षा कधीही चांगला. राउटर हॉलमध्ये आणि पीसी आतल्या खोलीत असेल तर वीस मीटर लॅन केबल घ्या, दाराच्या कडेने फिरवा.

पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा पीसी यूपीएसवर चालतो आणि राउटर बंद पडतो, हे लक्षातच येत नाही. राउटरला छोटा वेगळा यूपीएस मिळतो, तो घ्या.

नेम सुधारत नाही. काय करू?

विंडोजमधलं "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" बंद करा. माऊसची संवेदनशीलता कमी करा. मनगटाने नाही, कोपरापासून हात हलवून माऊस चालवा. त्यासाठी मोठं पॅड लागतं. क्रॉसहेअर (पडद्यामधली नेमाची खूण) जमिनीवर धरून फिरू नका, समोरच्याचं डोकं जिथे येईल त्या उंचीला धरा. तो कोपऱ्यातून बाहेर येईल तेव्हा तुम्हाला माऊस हलवावाच लागला नाही, तर नेम सुधारला. आणि हेडफोनचा दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आहे ना, ते बघा. ज्यांना स्वतःचा नेम वाईट वाटतो, त्यांतल्या बऱ्याच जणांना समोरचा कुठून येतोय हेच उशिरा कळलेलं असतं.

पंधरा मिनिटांत मळमळायला लागतं.

फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी किती रुंद दिसतं तो कोन) वाढवा, ९० ते १०० पर्यंत. मोशन ब्लर आणि कॅमेरा शेक बंद करा. पडद्यापासून हातभर मागे सरका, पंखा लावा. सुरुवातीला वीस मिनिटांवर थांबा. माझ्या आईला एवढं पुरेसं झालं.

मी मुलगी आहे. माईक चालू केला की घाण बोलतात. खेळणं सोडू का?

नको सोडूस. मी हे २००५ पासून ऐकतेय, आणि दर वेळी ते तितकंच लागतं, म्हणून "दुर्लक्ष कर" असं मी तुला सांगणार नाही. म्यूट कर, त्याच क्षणी रिपोर्ट कर, मॅच संपायची वाट बघू नकोस. व्हॅलोरंटमध्ये टीमचा आवाज बंद ठेवून फक्त आपल्या पार्टीचा चालू ठेवता येतो. दोन-तीन ओळखीच्या मुली मिळाल्या की खेळ बदलतो. माझ्याकडे पीसी घ्यायला आलेल्या चौघी अशाच माझ्यामुळे एकमेकींना भेटल्या. आता त्या दर शनिवारी रात्री एकत्र खेळतात, त्यांच्यातली एक ओझरची आहे, एक नाशिकरोडची.

आणि मुलांनो, तुमच्या टीममधला एखादा असं बोलत असेल तर गप्प बसू नका. त्याला तुमचा आवाज ऐकू येतो.

पीसी नाही, फोनच आहे.

कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल, २०१९ पासून आहे आणि अजून तब्येतीने चालतो. आपल्या मातीतला हवा असेल तर जानेवारी २०२५ मध्ये आलेला फौजी: डॉमिनेशन बघा. पाच विरुद्ध पाच, फर्स्ट पर्सन, आणि पुण्याच्या डॉट९ या स्टुडिओने केलेला. अजून घासूनपुसून व्हायचा आहे, पण पुण्यात बसून कोणीतरी शूटर बनवतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

हे खेळून मुलगा हिंसक होईल का?

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा मांडली: हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलणं अशा आक्रमक वागण्यात थोडासा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराशी संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही. माझं पुढचं म्हणणं असं की वय बघाच. डूम आणि कॉल ऑफ ड्यूटी मोठ्यांसाठीच आहेत, बारा वर्षांच्या मुलाला लावून देऊ नका, तो कितीही रडला तरी. मुलगा गेमसाठी झोप, जेवण, शाळा, मित्र सगळं सोडू लागला, आणि नुकसान दिसूनही थांबता येईना, तर जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजार म्हणून नोंदवलेलं आहे. तेव्हा पीसी फोडू नका, डॉक्टरांकडे न्या.

जेवायला हाक मारली की "पाच मिनिटं" म्हणतो आणि अर्धा तास उठत नाही.

तो खोटं बोलत नाही. व्हॅलोरंटची पूर्ण मॅच तीस-चाळीस मिनिटं चालते आणि मधून उठलं तर बाकी चौघांचं नुकसान होतं, त्यालाही शिक्षा बसते. मॅच सुरू व्हायच्या आधी विचारा: "आता किती वेळाची?" जेवायला वीस मिनिटं उरली असतील तर त्याला स्पाइक रश खेळायला सांगा, चार राउंड जिंकले की संपतं. हे शब्द आईच्या तोंडून ऐकले की मुलं चकित होतात, आणि बहुतेक वेळा ऐकतात.

स्किनवर पैसे घालायचे का?

स्किन म्हणजे बंदुकीचं नुसतं रंगरूप. आवडली तर स्वतःच्या कमाईतून एखादी. स्किनने नेम सुधारत नाही. आणि ऑनलाइन गेम कायमचा नसतो: एक्सडिफायंट मे २०२४ मध्ये आला, जून २०२५ मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. स्किन लावून जुगार खेळायला लावणाऱ्या साइटपासून लांब राहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्यात पैसे गेलेली एक-दोन घरं मी जवळून पाहिली आहेत.

मला माझ्या मुलाबरोबर खेळायचंय. कधीच माऊस धरला नाही. कुठून सुरू करू?

डीप रॉक गॅलॅक्टिक. पूर्ण आवृत्ती २०२० ची, डेन्मार्कच्या छोट्या स्टुडिओची, साध्या पीसीवर चालते. चार बुटके खाणकामगार एका परग्रहाच्या पोटात उतरतात, खनिज खणतात, अंगावर येणारे किडे मारतात आणि वेळेत बाहेर पळतात. माणसांवर गोळी झाडायची नाही, कोणी शिव्या देत नाही, काठिण्य सगळ्यात खाली ठेवता येतं. गुहा दर वेळी नवी असते आणि हवी तिथे खणून वाट काढता येते.

तुम्ही इंजिनिअर घ्या, तो स्वतः गोळ्या झाडणारं मशीन उभं करतो, तुमचा नेम चुकला तरी चालतं. मुलाला स्काउट घेऊ द्या. खाली गच्च काळोख असतो. प्रत्येकाकडे फेकायचे दिवे असतात आणि स्काउटकडे छताला चिकटणारा मोठा दिवा झाडणारी बंदूक. तो वर दिवा लावेल, मग तुम्हाला सोनं दिसेल, आणि ते उंचावर असेल तर तिथे पोचायला त्याला तुम्ही भिंतीवर फळी मारून द्यायची.